दक्षिणेच्या भिंतीवरची बाई

पोलादपूर, ६ जुलै २०२५

प्रियदर्शिनीस,

सुरुवातीला काय लिहायचं यातच माझा बराच वेळ गेला. 'अनेक आशीर्वाद' लिहावं तर तो हक्क तू मला दिलेला नाहीस, आणि नुसतं 'हाय' लिहायला आपण मैत्रिणी नाही. म्हणून फक्त तुझं नाव लिहिलं. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस. पप्पांचा फोन उचलतेस, पण मागे माझा आवाज आला की तुझी रेंज जाते. मग पोस्ट उरलं. बडोद्याच्या होस्टेलचा पत्ता पप्पांकडून घेतला. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

मागच्या गणपतीत तू आलीस, हॉलच्या दारात उभी राहिलीस, समोरच्या भिंतीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "माझ्या आईच्या जागेवर ही कोण?" कुणी तोंड उघडायच्या आत तू परत रिक्षात बसलेली होतीस. उत्तर तुझे पप्पा देतील असं मला वाटलं होतं, म्हणून मी वर्षभर गप्प राहिले. पण त्यांना तू ओळखतेस. कंपनीत सायरन वाजला तरी ते आधी हातातला चहा संपवतील. तेव्हा मीच सांगते.

ती कोणी नाही. महाडच्या एका इंटिरियरच्या दुकानातून आणलेलं चित्र आहे. ॲक्रिलिकच्या जाड पाटीवर छापलेलं, काचेसारखं दिसणारं, चौकट नसलेलं, चार कोपऱ्यांत चार स्टीलच्या चकत्यांनी भिंतीला धरलेलं. घर नवीन झालं तेव्हा हॉलची ती भिंत ओकीबोकी दिसत होती. दुकानदाराने मोबाईलवर नमुने दाखवले, तर सगळे पळणारे घोडे आणि धबधबे. पाण्याचं चित्र पप्पांना घरात नको होतं, त्याचं कारण तुला सांगायला नको. घोडे आजीला आवडले नाहीत. मग ही बाई उरली. जरीचा झगा, ताठ मान, तोंड एका बाजूला वळवलेलं, मागे कोनाड्यात टांगलेली पोवळ्यांची माळ. "इटलीचं हाय, लय जुनं. मुंबईत आता सगळे हेच लावतात," असं दुकानदार म्हणाला, आणि तुझ्या पप्पांनी मान डोलावली.

तुझ्या आईचा फोटो मी काढून टाकला असं तुला वाटतं. तो मी कधी पाहिलाच नाही. एकवीस साली महाडच्या घरात पाणी माळ्याला लागलं तेव्हा मी उमरठला माझ्या माहेरी होते, तुझ्या पप्पांचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. भिंतीवरचा हार घातलेला फोटो, लग्नाचा अल्बम, पप्पांचा फोन, सगळं चिखलात गेलं. तू तेव्हा पुण्याला मामांकडे शिकत होतीस, चिखल उपसायला तुला कुणी बोलावलं नाही, आणि काय काय गेलं तेही कुणी नीट सांगितलं नाही. मामांना मी फोन केला होता. रेश्मा म्हटल्याबरोबर त्यांनी ठेवला. आधारकार्डाची एक झेरॉक्स कुठूनशी मिळाली, त्यात अनुपमा हे नाव वाचता येतं, पण फोटोत तुझी आई म्हणजे एक काळा ढग आहे.

पप्पा म्हणतात तुझ्याकडे तिचा एक फोटो आहे. तो पाठव. मी तो लावते आणि ही बाई उतरवते. एवढ्यासाठीच लिहिलं.

रेश्मा

(खाली नातं लिहिलेलं नाही, कारण तू मला कोणत्याच नात्याने हाक मारत नाहीस.)


पोलादपूर, २८ जुलै २०२५

प्रियदर्शिनीस,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की मी दारात जातेच.

मागच्या पत्रात 'ती कोणी नाही' असं लिहिलं, ते चित्र आणलं तेव्हा खरं होतं, आता नाही. वास्तुशांतीला शेजारच्या आवडीकाकू आल्या. त्यांनी दक्षिणेच्या भिंतीवर एक अनोळखी बाई बघितली. आपल्याकडे त्या भिंतीवर कोणाचा फोटो लावतात हे तुला माहीत आहे, आणि या घरातली एक सून गेलेली आहे हे त्यांना माहीत होतं. त्या सरळ पुढे झाल्या, चित्राच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, वरच्या चकतीत झेंडूचं फूल खोचलं आणि हात जोडून म्हणाल्या, "काय रूप होतं गो पोरीचं."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. खरं सांगते, मला हसू येत होतं, आणि आजी पण हसेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. आजी हसली नाही. ते दुकानातलं चित्र आहे म्हणायचं, तर पहिल्या सुनेचा साधा फोटोही या घरात नाही हे सगळ्या आळीसमोर कबूल करावं लागलं असतं. तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "व्हय गो. सोन्यावानी होती."

त्या दिवशी ती लाज राखायला बोलली. पुढच्या शुक्रवारी तिने स्वतः हार आणला. मग जेवणाआधी पहिला घास तिथे ठेवायचा ठरलं. आता कोणी दुसरं काही सांगितलं तर ती भांडते. "माझ्या सुनेला मी वळखत नाय का?" म्हणते.

माझ्या गळ्यात तुझ्या आईचा टाक आहे, हे तू बघितलं असशील. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीची चांदीची प्रतिमा गळ्यात घालायची, म्हणजे पहिलीचा राग राहत नाही. तो टाक तरी कसला, सोनाराच्या साच्यातली बाई, सगळ्या गावाला तीच. म्हणजे एक अनुपमा माझ्या गळ्यात, एक भिंतीवर, आणि खरी या घरात कुठेच नाही.

ते चित्र पुसायचं काम माझ्याकडे आहे. कुंकवाचे कण त्याला चिकटून बसतात, जोरात पुसलं तर चरे पडतात. मऊ फडक्याने पुसायला लागलं की हातावरचे केस उभे राहतात आणि माझा पदर आपोआप तिकडे ओढला जाऊन चित्राला चिकटतो. पप्पा म्हणाले, "प्लास्टिक घासल्यावर त्यात करंट राहतो, आमच्या कंपनीत पण होतं, त्याला घाबरायचं काय?" आजी म्हणाली, "पदर धरते ती तुझा. काय तरी मागायचं असंल तिला." मी बी.कॉम. झालेली बाई आहे, करंटचं मला पटतं. तरी हल्ली पुसायच्या आधी मी पदर खोचून घेते.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो तिच्या मान वळवण्याचा. गेलेल्या माणसांचे फोटो आपल्याकडे बघत असतात, त्याची सवय असते. ही बघत नाही. मी केर काढत असते तेव्हा वाटतं, आत्तापर्यंत माझ्याकडेच बघत होती, मी डोळे वर केले म्हणून तिने तोंड फिरवलं. आजीला याचाही अर्थ माहीत आहे. "रुसून बसलीय," म्हणते.

आता मुद्द्याचं. पंधरा सप्टेंबरला पितृपक्षातली नवमी आहे. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. या वर्षी ते त्या चित्रासमोर वाढायचं असं आजीने ठरवलं आहे. तुझ्या आईचं पान एका परक्या बाईपुढे जावं हे मला नको आहे, आणि तुलाही नको असेल. नवमीच्या आधी फोटो पाठव.

रेश्मा


पोलादपूर, १४ ऑगस्ट २०२५

प्रियदर्शिनीस,

तुझं पाकीट आलं. जाड होतं, म्हणून मला वाटलं फोटो. स्वयंपाकघरात जाऊन उघडलं.

अक्षर सुंदर आहे तुझं. तर त्या बाईचं नाव जोव्हान्ना, फ्लॉरेन्स नावाच्या शहरातली, पाचशे वर्षांपूर्वीची. वीस वर्षांचीसुद्धा नव्हती. दुसऱ्या बाळाच्या वेळी गेली, आणि हे चित्र ती गेल्यावर काढलेलं. नवऱ्याने पुढे दुसरं लग्न केलं, तरी चित्र त्याच्या खोलीत तसंच राहिलं. आणि खाली तू लिहिलंस, "तेव्हा आजीचं काही चुकलेलं नाही. चित्र योग्य घरात आहे."

हुशार आहेस. बडोद्याच्या चित्रकलेच्या शिक्षणाचं सार्थक झालं म्हणायचं. मला राग आला आणि मग तो टिकला नाही, कारण तो कागद मी पुन्हा पुन्हा वाचायला लागले. तू पहिलीचं नाव लिहिलंस, नवऱ्याचं लिहिलंस, चित्रकाराचं लिहिलंस. त्या घरात येऊन ते चित्र रोज बघणाऱ्या दुसरीचं नाव नाही लिहिलंस. मी तेच शोधत होते. तिलाही कोणी सांगितलं असेल का, की पदर धरते, जपून राहा?

तो कागद मी पप्पांना दाखवला नाही. आजीला तर नाहीच. गेलेल्या बायकोचंच चित्र आहे एवढं कळलं असतं तरी तिने पेढे वाटले असते.

आता एक गोष्ट, जी पप्पांनी तुला कळवली नसेल, ते लाजतात. मला पाचवा महिना लागला आहे. मागच्या दिवाळीतही दिवस गेले होते, ते टिकलं नाही. आजी तेव्हा मला काही बोलली नाही, चित्रासमोर जाऊन बोलली. "बस झालं आता, सोड तिला," असं म्हणाली. मी आतून ऐकलं.

तेव्हा हे माझं दुसरं. 'दुसऱ्या बाळाच्या वेळी' हे शब्द तू लिहिलेस तेव्हा तुला यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून तुझ्यावर राग नाही. पण ते शब्द आता माझ्या डोक्यातून जात नाहीत. भांडी घासताना येतात, तांदूळ निवडताना येतात.

मला भीती वाटते. हे मी या घरात कोणालाच सांगू शकत नाही, म्हणून तुला सांगते, आणि तू तर माझं तोंडही बघत नाहीस. फोटो पाठव गो. बाळाचं भावंड म्हणून नको, माझ्यासाठी तर नकोच. तुझ्या आईसाठी पाठव.

रेश्मा


पोलादपूर, ४ सप्टेंबर २०२५

प्रियदर्शिनीस,

गौरी-गणपती गेले. या वर्षी पण तू आली नाहीस. पप्पा दोन वेळा हायवेपर्यंत जाऊन आले, बघायला गेलो होतो म्हणाले नाहीत, दूध आणायला गेलो होतो म्हणाले.

गणपतीच्या आधी मी चित्र उतरवलं. पप्पा पहिल्या पाळीला कंपनीत गेले होते, आजी देवळात होती. स्टुलावर चढले, चारही चकत्या हाताने फिरवून काढल्या आणि पाटी खाली आणली. वजनदार असते गं ती. भिंतीला तोंड करून ठेवली. मागून नुसती पांढरी. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा करून हॉलमध्येच बसून प्यायले, भिंतीवरच्या चार भोकांकडे बघत.

संध्याकाळी रक्त गेलं.

महाडला दवाखान्यात नेलं. बाळ ठीक आहे. डॉक्टरीणबाई चिडल्या, पाचव्या महिन्यात स्टुलावर चढायला कोणी सांगितलं म्हणाल्या, आणि पडून राहायला सांगितलं. त्यांचं बरोबर आहे. स्टुलावर चढल्यामुळे झालं, मला कळतं. पण दवाखान्यातून घरी आल्यावर मी पलंगावरूनच पप्पांना म्हणाले, "ते चित्र परत लावा." आजीने सांगितलं नव्हतं. ती बिचारी माझ्या पायाशी बसून राहिली होती, पोळीचे घास करून भरवत होती. मी सांगितलं.

पप्पांनी लावलं. फडक्याने पुसलं, दोन पावलं मागे सरले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नाक तसंच हाय बघ. अगदी तिच्यासारखं."

प्रियदर्शिनी, मी दुकानात त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी ही बाई नाक बघून घेतलेली नाही. घोडे आणि धबधबे नको म्हणून घेतली. पण आता ते तुझ्या आईला आठवायला जातात आणि त्यांना ही दिसते. खोटं बोलत नव्हते ते, डोळे भरलेले होते.

त्या दिवसापासून मला त्या बाईची भीती कमी वाटते आणि या घराची जास्त. उद्या माझं काही झालं, तर ही माणसं मलाही अशीच प्रेमाने विसरतील. रोज हार घालतील, पहिला घास ठेवतील, आणि समोर भलतीच कोणीतरी असेल.

नवमीला दिवस थोडे राहिले. पडून आहे म्हणून अक्षर असं आहे.

रेश्मा


पोलादपूर, १६ सप्टेंबर २०२५

प्रियदर्शिनी,

तुझं पार्सल शनिवारी आलं. आत चिठ्ठी नव्हती, मी कागद न् कागद उलगडून बघितला. पप्पांना फोन करून मापं विचारलीस म्हणे. तेवढ्याच आकाराची ॲक्रिलिकची पाटी, चार भोकं तिथल्या तिथे. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा मी एका कोपऱ्यातून धरून हळूहळू सोलला. आधी हात दिसले, मग गाऊन, मग ती.

महाडच्या घराची मागची पायरी आहे ना ती? खांद्यावर टॉवेल, कोपरापर्यंत साबणाचा फेस, आणि हसतेय. एका दातावर दुसरा दात चढलेला. नाक चांगलं बसकं, तुझ्यासारखं. फोटो तू काढत असणार, कारण ती ज्या नजरेने बघतेय ती नजर मोबाईलसाठी नाही. मी पलंगावर पाटी समोर ठेवून बसले आणि कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं की मीपण हसतेय.

मग हॉलमध्ये कोचावर नेऊन ठेवली आणि आजीला हाक मारली. आजीने चष्मा लावला, वाकून बघितलं.

"ही कुठली बाय गो? तुझ्या म्हायेरची?"

"आई, ही अनुपमा."

आजीने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घाणेरडं बोलले. "माझी सून मला दाखवतेस? ती ती हाय," आणि भिंतीकडे बोट केलं. "ही नाय. आमची अनुपमा अशी दात काढून हसायची नाय कधी."

मी म्हटलं, पप्पा येऊ देत. कंपनीच्या बसमधून उतरून ते आले, खांद्यावरची बॅगही काढली नाही, कोचासमोर उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओळख पटली त्यांना, ते मी बघितलं. काहीतरी हललं त्यांच्यात. मग त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा कोचाकडे, आणि म्हणाले, "हा फोटो चांगला नाय आला. ती अशी नव्हती." हातपाय धुवायला गेले. मी मोरीबाहेर उभी राहिले. नळ कितीतरी वेळ वाहत होता.

तुला राग येईल त्यांचा. मला आला होता, आता नाही. भिंतीवरची बाई शांत आहे, देखणी आहे, तिच्याशी त्यांचं कधी भांडण झालेलं नाही. ही समोरून हसते. हिच्याकडे बघायचं म्हणजे तिच्याशिवायची सगळी वर्षं पहिल्यापासून मोजायची. ते त्यांना झेपत नाही.

काल नवमी झाली. आजीने आवडीकाकूंना सवाष्ण म्हणून बसवलं, हॉलमध्ये त्या चित्राखाली, रांगोळी काढून. मी विरोध केला नाही. मी स्वयंपाकघरात तुझ्या आईला पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं आणि तिच्यासमोर दुसरं पान वाढलं. या घरात असं दोन ठिकाणी वाढणं म्हणजे अपशकुन, मला ठाऊक आहे. पदर पोटावर घट्ट खोचून वाढलं, पण वाढलं.

आणि वाढताना माझा हात थांबला. तिला काय आवडायचं? हॉलमध्ये जाऊन आजीला विचारलं. "तिला सगळं चालायचं," म्हणाली. पप्पांना विचारलं. त्यांनी खूप आठवून बघितलं, गोड खायची बहुतेक म्हणाले, मग म्हणाले की नाही, ते त्यांच्या बहिणीला आवडायचं. शेवटी मी आपलं केलेलं सगळंच थोडं थोडं वाढलं, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, आणि खाली बसले. डॉक्टरीणबाईंनी उभं राहू नको सांगितलं आहे.

समोरून ती बघत होती, हसत. मला भीती वाटली नाही. आमची ओळख नाही, म्हणून मी आधी माझं नाव सांगितलं, मग बाळाचं सांगितलं, मग तुझं. तू कशी चिडतेस तेही सांगितलं.

चित्र हॉलमध्येच राहील. ते काढून मी जिंकणार नाही. तुझी आई माझ्याकडे स्वयंपाकघरात राहील. पण मला तिचं काहीच माहीत नाही. ती कशाने हसायची, रागावली की काय करायची, तुला कुठल्या नावाने हाक मारायची, त्या दिवशी पायरीवर काय धूत होती. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तिच्या समोर बसून तिच्याबद्दल बोल, मी भाजी चिरत ऐकेन. यायचं नसेल तर निदान लिही, तिला काय आवडायचं.

मी तिला कधी पाहिलेलं नाही, आणि या घरात तिला ओळखणारी आता मी एकटीच आहे.

रेश्मा